चालू सर्व्हरवर कर्नलची सेटिंग बदलली, आकडा नवा दिसतोय, पण फरक शून्य

रात्रपाळी (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. तीन दिवस एकाच ठिकाणी अडकलोय, म्हणून सविस्तर लिहितो.

एक लिनक्स सर्व्हर आहे. आठ कोअर, ३२ जीबी मेमरी, कर्नल (लिनक्सचा गाभा) ४.१८. पुढे एनजिनएक्स हा वेब सर्व्हर, मागे आमचं ॲप. हजारो छोटी उपकरणं दर मिनिटाला आपापली नोंद पाठवतात. एरवी सगळं सुरळीत चालतं, पण मिनिट पालटलं की काही उपकरणांना कनेक्शन मिळायला उशीर होतो. तो उशीरही विचित्र आहे. एक तर काही मिलिसेकंद, नाहीतर थेट एक सेकंद, तीन सेकंद, क्वचित सात. मधलं काहीच नाही. मशीन दमलंय असंही वाटत नाही. सीपीयू एकूण १५ टक्क्यांच्या वर जात नाही, मेमरी अर्धी रिकामी आहे.

शोधता शोधता नेट.कोअर.सोमॅक्सकॉन (स्वीकारायची राहिलेली किती कनेक्शन रांगेत उभी राहू शकतात, त्याची कर्नलची मर्यादा) सापडला. तो १२८ होता. चालू मशीनवरच, कर्नलची सेटिंग बदलणाऱ्या कमांडने,

सिसकंट्रोल -डब्ल्यू नेट.कोअर.सोमॅक्सकॉन=४०९६

असं दिलं. परत वाचून पाहिलं, ४०९६ दिसतंय. /प्रॉक/सिस (जिथे कर्नलची सेटिंग फाइलींसारखी दिसतात) मध्ये जाऊनही पाहिलं, तिथेही ४०९६. एनजिनएक्स रीलोड केला. तरी एक-तीन-सात तसंच चालू आहे. रीबूटची परवानगी महिनाअखेरीलाच मिळते. रीबूट केल्याशिवाय हे लागूच होत नाही का? की मी भलत्याच ठिकाणी हात घातलाय?

मूळनोंद

जागा बरोबर आहे. एक-तीन-सात हे आकडेच सगळं सांगतायत. क्लायंटने कनेक्शन मागायला पहिलं पॅकेट, म्हणजे सिन, पाठवलं आणि उत्तर आलं नाही, तर तो एक सेकंद थांबून परत पाठवतो. पुन्हा उत्तर नाही, तर दोन सेकंद थांबतो, मग चार. बेरीज करा: एक, तीन, सात. तुमचा सर्व्हर ही पॅकेट गुपचूप टाकून देतोय. नकारही कळवत नाही, म्हणून समोरचा वाट बघत बसतो.

आता मिनिट पालटायच्या वेळी एसएस -एलएनटी (सॉकेटची, म्हणजे प्रोग्रॅमच्या नेटवर्कच्या टोकांची, यादी देणारी कमांड) चालवा आणि ४४३ पोर्टची ओळ इथे द्या. लिसन अवस्थेतल्या, म्हणजे नव्या कनेक्शनची वाट बघणाऱ्या, सॉकेटसाठी त्यातल्या दोन रकान्यांचा अर्थ वेगळा असतो. रिसीव्ह-क्यू म्हणजे आत्ता रांगेत किती कनेक्शन उभी आहेत, आणि सेंड-क्यू म्हणजे त्या रांगेची मर्यादा. सोबत एनस्टॅट या कमांडमधला लिसन-ओव्हरफ्लोज (रांग भरल्याने किती वेळा टाकून दिलं) हा काउंटर मिनिटाच्या आधी आणि नंतर किती होता तेही पाहा.

रात्रपाळी

मूळनोंद, लगेच पाहिलं. ४४३ च्या ओळीत रिसीव्ह-क्यू १२९, सेंड-क्यू १२८. लिसन-ओव्हरफ्लोज एका मिनिटात ३१२ ने वाढला.

म्हणजे मर्यादा अजूनही १२८ च आहे! पण सिसकंट्रोल तर ४०९६ म्हणतंय. आणि १२८ ची मर्यादा असताना १२९ कशी उभी राहिली?

मूळनोंद

१२९ चं आधी सांगते. रांग भरली का हे तपासताना कर्नल ‘मर्यादेपेक्षा जास्त’ असं बघतो, ‘मर्यादेइतकी’ असं नाही. म्हणून एक जास्तीचं आत येतं. १२८ च्या शेजारी १२९ दिसलं की रांग गच्च भरली असं समजायचं.

आता मुख्य गोष्ट. सोमॅक्सकॉन हा आकडा कर्नल प्रत्येक नव्या कनेक्शनला वाचत नाही. प्रोग्रॅम जेव्हा लिसन हा सिस्टिम कॉल (कर्नलकडे केलेली मागणी) करतो तेव्हाच तो एकदा वाचला जातो. प्रोग्रॅमने मागितलेली रांग आणि सोमॅक्सकॉन, यातला लहान आकडा त्या सॉकेटवर कोरला जातो आणि पुढे तोच चालतो. तुमचा एनजिनएक्स सुरू झाला तेव्हा त्याने मागितले ५११ (लिनक्सवर त्याचा मूळ आकडा तोच आहे), सोमॅक्सकॉन होता १२८, म्हणून १२८ कोरला गेला. नंतर तुम्ही ४०९६ केलं, पण ते सॉकेट जुनंच आहे.

रीलोडने का झालं नाही, तर रीलोडमध्ये एनजिनएक्स लिसनिंग सॉकेट बंद करून नवं उघडत नाही, जुनंच पुढे चालवतो. त्याच्या कॉन्फिगमधला रांगेचा आकडा बदललेला असेल तरच तो त्या सॉकेटवर लिसन पुन्हा म्हणतो. तुमच्या कॉन्फिगमध्ये काहीच बदललं नव्हतं, त्यामुळे त्याला पुन्हा म्हणायचं कारणच नव्हतं. लिसनच्या ओळीत बॅकलॉग=४०९६ लिहा आणि मग रीलोड द्या. आधीच लिसन अवस्थेत असलेल्या सॉकेटवर हा कॉल परत आला, तर कर्नल फक्त रांगेची मर्यादा बदलतो. एकही कनेक्शन तुटणार नाही, रीस्टार्ट नको, रीबूट तर नकोच.

मी गेली कित्येक वर्षं प्रत्येक पॅरामीटरला एकच प्रश्न विचारते: हा आकडा कोण वाचतं आणि कधी वाचतं? दर पॅकेटला? दर नव्या सॉकेटला? प्रोसेस सुरू होताना? इंटरफेस तयार होताना? सिसकंट्रोलने आकडा बदलणं म्हणजे फळ्यावरची सूचना पुसून नवी लिहिणं. ज्यांनी जुनी वाचून वहीत उतरवली, त्यांच्या वहीत जुनीच राहते.

रात्रपाळी

झालं! बॅकलॉग=४०९६ लिहून रीलोड केला, सेंड-क्यू लगेच ४०९६ झाला. दोन मिनिटं पालटली, ओव्हरफ्लोजचा काउंटर एकानेही हलला नाही. रिसीव्ह-क्यू क्षणभर ३४० पर्यंत जातो आणि परत शून्यावर येतो. तीन दिवसांनी आज शांत झोप लागेल. मनापासून आभार.

डेटाघर

अभिनंदन, पण झोपण्याआधी एक बघाच. रांग मोठी केल्याने माणसं दाराबाहेर जाण्याऐवजी आत उभी राहिली. पण ती रांगेत का साठतायत? तुम्ही पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलंय की आठ कोअरचं मशीन १५ टक्क्यांच्या वर जात नाही. आठातला एक कोअर पूर्ण भरला तर एकूण साडेबारा टक्के दिसतं. टॉप उघडून १ दाबा म्हणजे कोअर वेगवेगळे दिसतील. एकटाच कोअर शंभरावर जातोय का? एनजिनएक्सचे वर्कर (प्रत्यक्ष काम करणाऱ्या प्रोसेस) किती आहेत?

रात्रपाळी

डेटाघर, तुम्ही बरोबर पकडलंत. वर्कर एकच होता! मशीन पूर्वी एका कोअरचं होतं, पुढे वाढवलं आणि ती ओळ तशीच राहिली. मिनिट पालटलं की सगळ्या टीएलएस हँडशेकचा (सुरक्षित कनेक्शन जुळवतानाच्या देवाणघेवाणीचा) भार एकाच कोअरवर पडायचा. ऑटो केलं, आठ वर्कर झाले. आता रिसीव्ह-क्यू ४०-५० च्या वर जाताना दिसत नाही.

म्हणजे जुन्या १२८ मध्येही भागलं असतं?

डेटाघर

आज भागलं असतं. पण तुमची उपकरणं एकाच क्षणी येतात, लाट येणारच. लाटेसाठी रांग मोठी ठेवणं योग्यच आहे, ४०९६ तसंच राहू द्या. कर्नल ५.४ पासून मूळ आकडाच ४०९६ केलाय. रिसीव्ह-क्यू मात्र रोज ग्राफवर दिसला पाहिजे. तो शून्यावर परत येणं थांबलं, तर आजार मागच्या ॲपमध्ये आहे आणि रांग कितीही लांब केली तरी उपयोग नाही.

शून्यापासून

खूप शिकायला मिळतंय. मी नुकतंच हे काम हाती घेतलंय. वेब सर्व्हर जलद करण्यासाठी म्हणून तीसेक ओळींची एक यादी मला मिळाली आहे. त्यात टीसीपी-टीडब्ल्यू-रीसायकल=१, टीसीपी-फिन-टाइमआउट=१०, स्वॅपीनेस=० वगैरे आहे. ती तशीच सिसकंट्रोलच्या फाईलमध्ये (जी मशीन उठताना वाचली जाते) घातली तर चालेल का? दुसरं म्हणजे, सूडो (रूटचे अधिकार देणारी कमांड) लावून इको १ करून /प्रॉक/सिस मधल्या फाईलमध्ये वळवलं तरी ‘परवानगी नाही’ येतं. सूडो असताना का?

तारयंत्र

दुसऱ्याचं उत्तर छोटं आहे. सूडो फक्त इकोला लागतं. फाईलकडे वळवण्याचं काम तुमचं शेल करतं, आणि ते साध्या युजरचं आहे. सिसकंट्रोल -डब्ल्यू वापरा, किंवा सूडो टी कडे पाइप करा.

ती यादी मात्र कृपया घालू नका. का ते नीट सांगतो, कारण या याद्या मी पंधरा वर्षं फिरताना बघतोय आणि त्यांनी झालेलं नुकसान निस्तरलंय.

टीडब्ल्यू-रीसायकल कर्नल ४.१२ मध्ये, म्हणजे २०१७ साली, काढूनच टाकला. नव्या मशीनवर ती ओळ ‘अशी फाईल नाही’ म्हणून चूक देईल, एवढंच. जुन्या मशीनवर ती खरी घातक आहे. हे सेटिंग चालू असलं की कर्नल समोरच्या प्रत्येक आयपी पत्त्याचा शेवटचा टीसीपी टाइमस्टॅम्प लक्षात ठेवायचा आणि त्याहून जुना टाइमस्टॅम्प घेऊन आलेलं सिन टाकून द्यायचा. आता एका राउटरमागे शंभर उपकरणं असतील तर बाहेरून पत्ता एकच दिसतो, पण प्रत्येकाचं घड्याळ वेगळं. म्हणजे एकाला कनेक्शन मिळतं, शेजारच्याला नाही, आणि कोणाला मिळेल याचा काही नेम नाही. असा बिघाड शोधताना मी एकदा आठवडाभर स्विच आणि केबल बदलत होतो. सर्व्हरवरची ती एक ओळ शून्य केली आणि त्याच मिनिटाला सगळा बिघाड थांबला. रात्रपाळी यांची उपकरणं ज्या पद्धतीने येतात, तिथे ही ओळ असती तर हाहाकार झाला असता.

फिन-टाइमआउटबद्दलचा गैरसमज तर सगळ्यात चिवट. लोकांना वाटतं त्याने टाइम-वेट (बंद झालेलं कनेक्शन काही काळ लक्षात ठेवण्याची) अवस्था कमी होते. होत नाही. टाइम-वेट ६० सेकंदांची आहे आणि ती कर्नलच्या कोडमध्येच ठरलेली आहे, कुठल्याही सेटिंगने हलत नाही. फिन-टाइमआउट लागू होतो फिन-वेट-२ (आपण बंद केलं, समोरच्याने बंद करायची वाट) या दुसऱ्याच अवस्थेला.

टाइम-वेटची अडचण खरी कधी येते, तर तुमचा सर्व्हर स्वतः क्लायंट बनून मागच्या एकाच पत्त्यावर आणि पोर्टवर सतत नवी कनेक्शन उघडत असतो तेव्हा. हिशेब साधा आहे. लोकल पोर्टची मूळ मर्यादा ३२७६८ ते ६०९९९, म्हणजे २८२३२ पोर्ट. वापरलेलं प्रत्येक पोर्ट ६० सेकंद अडकून राहतं. भागाकार केला तर सेकंदाला साधारण ४७० कनेक्शन. त्यावर गेलात की नवं पोर्ट मिळत नाही. इथे पोर्टची मर्यादा वाढवता येते, टीडब्ल्यू-रीयूज १ करता येतो (तो बाहेर जाणाऱ्या कनेक्शनपुरता आहे आणि सुरक्षित आहे). पण मूळ उपाय म्हणजे मागच्या ॲपशी कनेक्शन उघडी ठेवून तीच पुन्हा वापरणं. मग हा प्रश्नच उरत नाही.

मूळनोंद

तारयंत्र यांच्याशी पूर्ण सहमत. स्वॅपीनेसबद्दल, म्हणजे कर्नलने मेमरीतली पानं स्वॅपमध्ये किती सहज हलवायची याबद्दल, थोडंसं. शून्य म्हणजे ‘थोडं कमी स्वॅप’ नव्हे. कर्नल ३.५ पासून शून्याचा अर्थ असा आहे की फाईल कॅश आणि मोकळी मेमरी अगदी तळाला जाईपर्यंत स्वॅपकडे वळायचंच नाही. डेटाबेसच्या मशीनवर त्यामुळे स्वॅप रिकामा असताना ओओएम किलर (मेमरी संपली की प्रोसेस मारणारा कर्नलचा भाग) येऊन डेटाबेस मारतो. कमी हवं असेल तर १ किंवा १० ठेवा. मूळ ६० आहे. ५.८ पासून वरची मर्यादा २०० केली आहे, कारण मेमरीतच दाबून ठेवलेला झेडरॅमसारखा स्वॅप डिस्कवरून फाईल वाचण्यापेक्षा स्वस्त पडतो. स्वॅपीनेस चालू मशीनवर लगेच लागू होतो. मेमरी मोकळी करायची वेळ येते तेव्हा कर्नल तो वाचतो, त्यामुळे कुणाला रीस्टार्ट करावं लागत नाही.

शून्यापासून

धन्यवाद तारयंत्र सर, धन्यवाद मूळनोंद ताई. यादी पुसून टाकली. मग चालू सर्व्हरवर काही बदलायचंच असेल तर भीती कशी काढायची? एका एंटरने मशीन हातचं गेलं तर?

मूळनोंद

जाऊ शकतं. माझं गेलंय, ते सांगते.

१६ जीबीचं मशीन होतं. नेटवर्क कार्डचा ड्रायव्हर अधूनमधून मेमरी मिळत नसल्याची ओळ लॉगमध्ये टाकायचा. त्यावर उपाय म्हणजे व्हीएम.मिन-फ्री-केबाइट्स थोडा वाढवणं. ही मेमरी कर्नल स्वतःच्या अडीअडचणीसाठी राखून ठेवतो. मला १२८ एमबी ठेवायचे होते. मी बाइटमध्ये हिशेब केला, १३४२१७७२८, आणि एंटर दाबलं. पॅरामीटरच्या नावातच केबाइट्स लिहिलेलं आहे. म्हणजे १६ जीबीच्या मशीनला मी १२८ जीबी राखून ठेवायला सांगितले.

प्रॉम्प्ट परत आलाच नाही. शेजारच्या खिडकीत लॉग चालू होता, त्यात ओओएम किलरच्या चार-पाच ओळी दिसल्या. आधी डेटाबेस, मग ॲप, आणि नंतर ती खिडकीही गोठली. कन्सोलवरून वीज बंद-चालू करावी लागली. सहा मिनिटं सेवा बंद.

मशीन उठलं आणि नीट उठलं, कारण तो आकडा मी फाईलमध्ये लिहिलेला नव्हता. फक्त चालू कर्नलमध्ये होता, तो रीबूटबरोबर गेला. फाईलमध्ये असता तर मशीन उठताना दर वेळी तसंच मेलं असतं. म्हणून माझा क्रम ठरलेला आहे. आधी जुना आकडा वाचून टिपून ठेवायचा. मग चालू कर्नलमध्ये बदलायचा आणि गर्दीची एक वेळ जाऊ द्यायची. तोवर फाईलला हात नाही.

नेटवर्कचं सेटिंग असेल आणि एसएसएच (दूरवरून मशीनवर केलेलं लॉगिन) तुटण्याची धास्ती असेल, तर बदल करण्याच्या आधी परतीची सोय लावते:

सिस्टमडी-रन --ऑन-ॲक्टिव्ह=१०एम सिसकंट्रोल -डब्ल्यू पॅरामीटर=जुना-आकडा

दहा मिनिटांनी जुना आकडा आपोआप परत येतो. सगळं ठीक असेल तर तो टायमर थांबवायचा. मिन-फ्री-केबाइट्ससारख्या आकड्याला मात्र ही सोय वाचवू शकत नाही, कारण परत आणणारा प्रोग्रॅम सुरू व्हायलाही मेमरी लागते. तिथे आधी रिकाम्या मशीनवर करून बघणं हाच उपाय. आणि एकक दोनदा वाचा. पेज, बाइट, केबी, शतांश सेकंद, सगळी एककं एकाच डिरेक्टरीत शेजारी शेजारी असतात.

डेटाघर

लगेच लागू होणं हाही धोका असतो, तो माझ्या वाट्याला आला. व्हीएम.डर्टी-रेशो माहीत असेलच. डिस्कवर लिहायची राहिलेली पानं उपलब्ध मेमरीच्या २० टक्क्यांवर गेली की लिहिणाऱ्या प्रोसेसला कर्नल रोखतो. १० टक्क्यांना पार्श्वभूमीवर लिहायला सुरुवात होते. २५६ जीबीच्या मशीनवर २० टक्के म्हणजे चाळीस-पन्नास जीबी. एवढं साठू देणं मला पटत नव्हतं, म्हणून बॅकअप चालू असताना मी डर्टी-बाइट्स १ जीबी केलं. त्या क्षणी साठलेलं होतं १२ जीबी, डिस्कचा वेग सेकंदाला ३०० एमबी. कर्नलने नवी मर्यादा तत्काळ मानली आणि लिहिणाऱ्या प्रत्येकाला रोखलं. बॅकअप थांबला ते ठीक, पण डेटाबेस थांबला, लॉग लिहिणारा थांबला. जवळपास ४० सेकंद मशीन गोठल्यासारखं होतं.

उतरताना पायऱ्यांनी उतरायचं. आधी डर्टी-बॅकग्राउंड-बाइट्स कमी करा, म्हणजे पार्श्वभूमीवरचं लिहिणं लवकर सुरू होतं. /प्रॉक/मेमइन्फो मधली डर्टीची ओळ बघत राहा. ती नव्या मर्यादेखाली आली की मगच मुख्य मर्यादा खाली आणा. आणि बाइट्सवाला आकडा लिहिला की रेशोवाला आपोआप शून्य दिसतो. तो बिघाड नाही, दोघांपैकी एकच लागू असतो.

खिडकीतला

कंटेनरवाल्यांसाठी थोडी भर. मूळनोंद यांच्या ‘कोण वाचतं’ या प्रश्नात ‘कुठल्या नेमस्पेसमध्ये’ (कर्नलने वेगळा करून दिलेल्या कप्प्यात) हेही धरा. सोमॅक्सकॉन, लोकल पोर्टची मर्यादा ही नेटवर्क नेमस्पेसपुरती असतात. होस्टवर (कंटेनर चालवणाऱ्या मशीनवर) ४०९६ केलंत तरी कंटेनरच्या आत स्वतःचा आकडा असतो. तो कंटेनर सुरू करतानाच द्यावा लागतो. ‘व्हीएम.’ या नावाने सुरू होणारी मेमरीची सेटिंग मात्र अख्ख्या मशीनची एकच. एका कंटेनरच्या इलॅस्टिकसर्च या शोध-प्रोग्रॅमसाठी मॅक्स-मॅप-काउंट (एका प्रोसेसच्या मेमरी मॅपिंगची मर्यादा) २६२१४४ करायचं असलं तरी ते होस्टवरच करावं लागतं, आणि सगळ्यांनाच लागू होतं.

आणि एक विनंती. चालू कंटेनर होस्टवर सिसकंट्रोल --सिस्टम सहज म्हणून चालवू नका. ही कमांड सगळ्या डिरेक्टरीतल्या सगळ्या फाइली पुन्हा लागू करते. आमच्याकडे सुरक्षा तपासणीत कुणीतरी आयपी-फॉरवर्ड=० (पॅकेट पुढे पाठवणं बंद) अशी ओळ फाईलमध्ये घालून ठेवली होती. कंटेनरचं इंजिन सुरू होताना स्वतः ते १ करतं, म्हणून कित्येक महिने कुणाच्या लक्षात आलं नाही. मी एक साधा बदल लागू करायला --सिस्टम चालवलं आणि त्या होस्टवरच्या सगळ्या कंटेनरचं बाहेरचं नेटवर्क एका सेकंदात बंद. आता मी फक्त -पी देऊन त्यापुढे माझ्या एकाच फाईलचं नाव लिहितो.

तारयंत्र

आयपी-फॉरवर्डचं आणखी एक आहे. तो बदलला की कर्नल इंटरफेसची इतर काही सेटिंगही होस्टच्या किंवा राउटरच्या मूळ अवस्थेला नेतो. कर्नलच्या कागदपत्रांत हे स्पष्ट लिहिलंय. म्हणून फाईलमध्ये ती ओळ सगळ्यात वर ठेवायची, बाकीची आयपीव्ही४ ची सेटिंग तिच्याखाली.

रात्रपाळी

तीन आठवड्यांनी परत आलोय. महिनाअखेरीचं रीबूट झालं. सोमॅक्सकॉन जागेवर आहे, सेंड-क्यू ४०९६. पण मध्यंतरी मी आणखी एक आकडा वाढवला होता तो गायब झाला.

झालं असं. उपकरणांची वीज अचानक जाते, ती निरोप न घेता गायब होतात. फायरवॉलच्या कनेक्शन ट्रॅकिंगमध्ये त्यांच्या नोंदी तशाच राहतात, कारण जुळलेल्या कनेक्शनची मूळ मुदत ४३२००० सेकंद, म्हणजे चक्क पाच दिवस. एका रात्री कर्नल लॉगमध्ये ‘टेबल भरलं, पॅकेट टाकतोय’ अशी ओळ आली. कॉनट्रॅक-मॅक्स (त्या नोंदींची कमाल संख्या) २६२१४४ वरून ५२४२८८ केला, मुदत एका तासावर आणली. नोंदींची संख्या पाहिली तर ती कमी होईना. मग इथला प्रश्न आठवला: हा आकडा कोण वाचतं, कधी? कनेक्शनचं पॅकेट आलं की त्या नोंदीला नवी मुदत मिळते. मेलेल्या उपकरणांचं पॅकेट येणारच नाही, त्यामुळे जुन्या नोंदी जुन्याच मुदतीवर. पाच दिवसांनी आकडा खाली आला. हे मी स्वतः शोधलं याचा फार आनंद झाला.

पण रीबूटनंतर मॅक्स आणि मुदत, दोन्ही मूळ आकड्यांवर. फाईलमध्ये ओळी आहेत. हाताने -पी दिलं तर व्यवस्थित लागू होतात.

मूळनोंद

छान शोधलंत, मनापासून सांगते. उठतानाचं कारण असं: कॉनट्रॅक हे कर्नल मॉड्यूल, म्हणजे गरजेनुसार कर्नलवर चढवला जाणारा भाग, आहे. मॉड्यूल चढेपर्यंत /प्रॉक/सिस मध्ये ते पॅरामीटरच नसतात. मशीन उठताना सिसकंट्रोलच्या फाइली आधी वाचल्या जातात, फायरवॉल नंतर येते आणि तेव्हा मॉड्यूल चढतं. जर्नलमध्ये, म्हणजे सिस्टिमच्या लॉगमध्ये, त्या दोन ओळींबद्दल ‘अशी फाईल नाही’ अशी तक्रार सापडेल. /ईटीसी/मॉड्यूल्स-लोड.डी मध्ये एक फाईल करा आणि त्यात फक्त मॉड्यूलचं नाव लिहा, एनएफ-कॉनट्रॅक. ते सिसकंट्रोलच्या आधी चढवलं जातं.

सेटिंग कुठल्या फाईलमध्ये आहेत? /ईटीसी/सिसकंट्रोल.कॉन्फ मध्ये असतील तर हलवा. डेबियन १३ पासून सिस्टमडी (मशीन उठताना सेवा सुरू करणारा प्रोग्रॅम) उठताना ती फाईल वाचतच नाही. /ईटीसी/सिसकंट्रोल.डी मध्ये स्वतःची फाईल करा. डिरेक्टरी कुठलीही असो, फाइली नावाच्या क्रमाने लागू होतात आणि शेवटची जिंकते, म्हणून नाव ९० च्या पुढच्या आकड्याने सुरू करा.

रात्रपाळी

जर्नलमध्ये नेमकी तीच तक्रार होती, दोन ओळी, दोन्ही कॉनट्रॅकच्या. मॉड्यूलची फाईल केली. चाचणीच्या मशीनवर रीबूट करून पाहिलं, दोन्ही आकडे उठतानाच जागेवर. सेटिंग ९५ ने सुरू होणाऱ्या फाईलमध्ये हलवली. तिथे सोमॅक्सकॉनच्या वर मी ही टीप लिहून ठेवली आहे:

# जुना आकडा १२८. लिसन कॉलच्या वेळीच वाचला जातो. बदलल्यास एनजिनएक्सच्या लिसन ओळीतला बॅकलॉगही बदलून रीलोड करणे, मग एसएस -एलएनटी मध्ये सेंड-क्यू तपासणे.

मूळनोंद

अशीच टीप कॉनट्रॅकच्या मुदतीवरही लिहा. पाच दिवस थांबावं लागतं हे पुढच्या माणसाला कळू द्या.

रात्रपाळी

लिहिली.